वेशीवरचं प्रेत आणि गावचे कारभारी

बेवारस माणूस रस्त्याकडेला मरून पडला, तर जबाबदारी कुणाची? प्रसादने पेपरातली चार ओळींची बातमी वाचली आणि निकालही स्वतःच देऊन टाकला. "पंचनामा पोलिसांचा, अंत्यविधी महापालिकेचा. बाकी कुणाचं काय? आपण थोडंच मारलंय त्याला?"

"हे वाक्य आमच्या तोरात, आम्हा ज्यूंच्या धर्मग्रंथात आहे," सॅमसन म्हणाला. "ते कुणी म्हणायचं आणि कुठे उभं राहून म्हणायचं, तेसुद्धा लिहिलंय."

तिथून जे सुरू झालं ते टपरीवाल्याने शटर ओढेपर्यंत चाललं. ते लिहून काढतोय, कारण ज्यू म्हटलं की आपल्याकडे बोलणं एक तर हिटलरवर जातं, नाहीतर इस्रायलच्या लष्करावर. या लोकांनी दोन हजार वर्षं गरिबाचं काय करायचं, शेजाऱ्याचं काय करायचं यावर जो वाद घातला, तो आपल्या कानावरच येत नाही.

आमचा कट्टा पुण्याच्या रास्ता पेठेतला. सॅमसन बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, घराणं मूळचं अलिबागकडचं. इथल्याच सुक्काथ शेलोमो सिनेगॉगमध्ये जातो, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. बापू एसटीतून निवृत्त झाले, युनियनमध्ये हयात गेली. शुभदा कामगार न्यायालयात वकिली करते. प्रसाद आमच्यात धाकटा, सॉफ्टवेअरवाला, आणि वाद घालताना कुणाची भीड न ठेवणारा.

सॅमसनने सांगितलं ते असं. तोराच्या पाचव्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, एक विधी आहे. उघड्या रानात कुणाचं तरी प्रेत सापडलं, मारेकरी कोण ते कळत नाही, तर वडीलधारे आणि न्यायाधीश बाहेर पडतात आणि प्रेतापासून भोवतालच्या गावांचं अंतर मोजतात. मिश्ना, म्हणजे रब्बींनी, ज्यू धर्मपंडितांनी, बांधलेल्या नियमांचा जुना संग्रह, सांगते की मोजायला जेरुसलेमच्या मोठ्या न्यायसभेतून तीन जण येत, रब्बी यहूदांच्या मते पाच. सर्वांत जवळचं जे गाव निघेल, तिथल्या वडीलधाऱ्यांनी मानेवर कधी जू न ठेवलेली कालवड घ्यायची, जिथे नांगरट नाही की पेरणी नाही अशा ओढ्याकाठी न्यायची आणि तिची मान मोडायची. मग तिच्यावर हात धुवायचे आणि म्हणायचं: आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही, आमच्या डोळ्यांनी ते पाहिलं नाही.

"झालं की मग," प्रसाद म्हणाला. "हात धुतले, मोकळे झाले. मी तरी वेगळं काय म्हणालो?"

"थांब. मिश्नेतल्या रब्बींनीही हेच विचारलंय. गावचे वडीलधारे खुनी असतील असं कुणाच्या मनात तरी येईल का? मग त्यांच्याकडून हे वदवून कशाला घ्यायचं? त्यांचं उत्तर ऐक. तो आमच्या दारी आला आणि आम्ही त्याला उपाशी वाटेला लावला, असं घडलं नाही. तो आम्हाला दिसला आणि आम्ही त्याला सोबतीशिवाय सोडला, असं घडलं नाही. वडीलधारे जे म्हणतात त्याचा अर्थ हा."

बापू पुढे सरकून बसले. "म्हणजे खुनाचा तपास भाकरीपाशी नेऊन ठेवला."

"आणि सोबतीपाशी. उपाशी माणूस आडवाटेला लागतो, एकटा माणूस वाटमाऱ्याच्या तावडीत सापडतो. मारणारा वेगळाच असतो. पण तो माणूस एकटा आणि उपाशी कसा झाला, हे सगळ्यांत जवळच्या गावाला विचारायचं."

शुभदाला यातला कायदा दिसला. ती म्हणाली, कोर्टात आम्हाला आधी सिद्ध करावं लागतं की समोरच्यावर काळजी घेण्याचं बंधन होतं, मग त्याने ते मोडलं. अर्धे खटले पहिल्याच पायरीवर पडतात. इथे ती पायरीच काढून टाकली आहे. तू जवळ आहेस, एवढं बंधन पुरे.

प्रसादला हे पटेना, आणि त्याचा आक्षेप काही साधा नव्हता. "ऐकायला छान आहे. पण वाटेवरून जाणारी माणसं किती, आणि गाव किती पुरं पडणार? अशाने जबाबदारी सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही, असं होतं."

सॅमसन यावर जे बोलला ते मला त्या संध्याकाळचं खरं धन वाटतं. हे भावनेवर सोडलेलंच नाही, तो म्हणाला. मापं ठरलेली आहेत. गावोगाव फिरणाऱ्या गरिबाला एका भाकरीपेक्षा कमी द्यायचं नाही. मुक्कामाला राहिला तर निजायची सोय करायची. शब्बाथसाठी, म्हणजे शनिवारच्या विसाव्यासाठी, थांबला तर तीन जेवणांचं अन्न द्यायचं. गावात दोन व्यवस्था. तमखुई म्हणजे घरोघरचं अन्न गोळा करून रोज वाटायचं, ते कुठल्याही गावच्या भुकेल्याला. कुप्पा म्हणजे पैशाची पेटी, तिचं वाटप शुक्रवारी, गावातल्या गरिबांना आठवडाभर पुरेल इतकं. ज्याच्याकडे दोन जेवणांपुरतं आहे त्याने तमखुईतून घ्यायचं नाही. चौदा जेवणांपुरतं असेल तर कुप्पेलाही हात लावायचा नाही.

"गोळा कोण करणार?" बापूंनी विचारलं. युनियनची वर्गणी गोळा केलेल्या माणसाला दुसरा प्रश्न सुचत नाही.

"गोळा करायला दोघं, वाटायला तिघं. एकट्याने कधीच नाही. कुणाला किती द्यायचं हा निवाडा आहे, आणि पैशाचा निवाडा तिघांनी करायचा असतो. गोळा करणाऱ्याला रस्त्यात पैसे सापडले तर खिशात टाकायचे नाहीत, दानाच्या थैलीत टाकायचे आणि घरी गेल्यावर काढून घ्यायचे. पेटीतली नाणी मोडून घ्यायची झाली तर दुसऱ्याकडून, स्वतःच्या पैशांशी अदलाबदल करायची नाही."

"का?"

"बघणाऱ्याला संशय येऊ नये म्हणून."

बापूंनी मांडीवर थाप मारली. चळवळीत त्यांनी चांगली चांगली माणसं बुडताना पाहिली आहेत, आणि ती चोर होती म्हणून नाही, हिशोब एकट्याकडे होता म्हणून. ज्या धर्माने पंधराशे वर्षांपूर्वी असले बारकावे लिहून ठेवले, त्याला गरिबाची कणव होती एवढं म्हणणं कमी आहे. त्याने गरिबाच्या पैशाचा कारभार बसवला होता.

शुभदाला आवडला तो वेगळाच नियम. गावात येऊन तीस दिवस झाले की तमखुईला हातभार लावायचा, तीन महिन्यांनी कुप्पेला, सहा महिन्यांनी कपड्यांच्या निधीला, नऊ महिन्यांनी गरिबांच्या दफनाच्या निधीला, आणि वर्ष झालं की गावकुसाच्या तटबंदीला. "म्हणजे बाहेरून आलेला माणूस आधी दुसऱ्याच्या ताटाचा वाटेकरी होतो. तटबंदी शेवटी येते," ती म्हणाली. आपल्या शहरांत नव्याने आलेल्याकडून आपण आधी काय मागतो, यावर ती बराच वेळ बोलली. ते इथे लिहीत नाही.

मग सक्तीचा विषय निघाला. सॅमसन म्हणाला, द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून वसूलदार तारण म्हणून वस्तू उचलून आणू शकत. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नेवर पुढे झालेल्या चर्चेच्या ग्रंथात, नोंद आहे की रावा नावाच्या रब्बींनी नातान बार अम्मी यांच्याकडून दानासाठी 400 झूझ, म्हणजे तेव्हाची चांदीची नाणी, सक्तीने घेतले.

"ही तर खंडणी झाली," प्रसाद उसळला. "दान मनाने द्यायचं असतं. सक्ती केली की देणाऱ्याचं पुण्य संपलं."

"देणाऱ्याच्या पुण्याची काळजी तुला जास्त आहे, घेणाऱ्याच्या पोटाची कमी," शुभदा म्हणाली.

"तसं नाही. मनातून आलेलं टिकतं, लादलेलं टिकत नाही."

यावर सॅमसनने तालमूदमधलंच आणखी एक मत काढलं: आज्ञा आहे म्हणून करणारा हा आज्ञा नसताना करणाऱ्यापेक्षा मोठा. प्रसाद अवाक् झाला. आपल्याला लहानपणापासून याच्या उलट शिकवलेलं असतं. सॅमसनचं स्पष्टीकरण असं, की मनाला वाटेल तेव्हा देणारा मनाला वाटेल तेव्हा थांबतोही. बांधलेला माणूस ज्या दिवशी मन नाही त्याही दिवशी देतो, आणि भूक तर रोजचीच. मला हे पूर्ण पटलं. प्रसादला अर्धं पटलं. मनातून दिलेलं जर मोठं नसेल, तर ते मन घडवायचं कुणी, हा त्याचा प्रश्न शेवटपर्यंत उभा राहिला, आणि मला तो योग्यच वाटतो.

शेताच्या कोपऱ्याचा नियम निघाला तेव्हा मात्र बापू बोलले आणि बाकीचे गप्प झाले. लेवीयच्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात आहे: कापणी करताना शेताचा कोपरा कापू नका, गळालेली कणसं वेचू नका, ती गरिबाची आणि उपऱ्याची. पाचव्या पुस्तकात भर आहे, की शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नका. मिश्नेने कोपऱ्याचं माप बांधून दिलं, साठाव्या हिश्शापेक्षा कमी नाही. मालकाने फक्त बाजूला व्हायचं. यातलं कुणाला मिळावं हे ठरवायचा अधिकार त्याला नाही.

"माझ्या आजीने सरवा वेचलाय," बापू म्हणाले. "ज्वारीचा. मालकाची मर्जी असली तर वेचू द्यायचा, नसली तर कुत्रं अंगावर सोडायचा. वेचू दिलं की जन्मभर उपकार. तुमच्या पुस्तकात तो कोपरा आजीचा होता रे. मालकाचा नव्हताच."

"पुस्तकात होता," सॅमसन म्हणाला. "प्रत्यक्षात प्रत्येक मालक बाजूला झाला असेल असं मी म्हणणार नाही. संदेष्टे ओरडून ओरडून थकले ते उगाच नव्हे. आमोस म्हणतो, तुम्ही गरिबाला जोड्याच्या जोडासाठी विकता."

त्यानंतरच्या एका गोष्टीवर बापूंचं आणि सॅमसनचं चांगलंच वाजलं. तालमूदमध्ये म्हटलंय की गरिबाला त्याच्या गरजेपुरतं द्यावं, आणि गरज म्हणजे त्याची गरज. खानदानी घरातला एक माणूस गरीब झाला, तर हिल्लेल या थोर रब्बींनी त्याच्यासाठी घोडा घेतला आणि पुढे धावायला चाकर ठेवला. एकदा चाकर मिळाला नाही, तर हिल्लेल स्वतः त्याच्या घोड्यापुढे तीन मैल धावले.

"हे मला मान्य नाही," बापू म्हणाले. "घोड्यावरून उतरलेल्याला घोडा आणि जन्मापासून पायी चालणाऱ्याला काही नाही? ही गरिबी मोजायची पद्धत नाही, ही जुनी श्रीमंती जपायची पद्धत आहे."

सॅमसनचं म्हणणं, की पडलेल्या माणसाची लाजही मोजली पाहिजे. तिथेच पुढे लिहिलंय, त्याला सांभाळायची आज्ञा आहे, श्रीमंत करायची नाही. शुभदा मध्येच अडकली. तिच्याकडे नोकरी गेलेली माणसं येतात. घराचा हप्ता थकला यापेक्षा सोसायटीत तोंड कसं दाखवू, हे दुखणं त्यांना आधी असतं. माझं मत सांगतो. गावाच्या पेटीतून घोडा देणं हा अन्यायच आहे, बापूंचं बरोबर. पण गोष्टीतलं शेवटचं वाक्य पेटीबद्दल नाही. चाकर मिळाला नाही तेव्हा हिल्लेलने दुसऱ्या कुणाला पळायला लावलं नाही, स्वतःचे पाय दिले. तेवढं मी त्या गोष्टीतून घेईन आणि घोडा सोडून देईन.

"मग आपलं ससून यातूनच आलं ना?" प्रसादने विचारलं. "डेव्हिड ससून ज्यूच होता."

हा प्रश्न पुण्यात टळत नाही. बाराव्या शतकात मैमोनिदेस या वैद्याने आणि तत्त्वज्ञाने दानाच्या आठ पायऱ्या लिहिल्या. सगळ्यांत वरची अशी, की माणूस हात पसरण्याच्या आधीच त्याला कर्ज द्या, भागीदारीत घ्या, काम मिळवून द्या. तिच्या खालची अशी, की देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा. आता डेव्हिड ससून बघा. 1792 साली बगदादमध्ये जन्म, तिथल्या सुभेदाराच्या जाचाला कंटाळून 1830च्या दशकात मुंबईत आले, 1864 साली पुण्यात वारले, आणि लाल देवळाच्या, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगच्या, आवारात त्यांची कबर आहे. त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय 1867 साली सुरू झालं. आजही अर्ध्या महाराष्ट्रातला गरीब माणूस सगळीकडून हात टेकले की केसपेपर काढायला ससूनलाच येतो.

"आणि पैसा कुठला?" बापू म्हणाले. "अफूचा."

सॅमसनने ते टाळलं नाही. ससून घराणं मुंबईतून चीनला अफू पाठवणाऱ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सगळ्यांत पुढे होतं. त्याने स्वतःच्या विरुद्ध जाणारा दाखलाही स्वतःच दिला. सुक्कोथच्या सणाला खजुरीची झावळी हातात घ्यायची असते. ती चोरलेली असेल तर तालमूद म्हणतं, विधी बाद. पापातून आलेलं पुण्य धरलं जात नाही.

"पण अफू चोरलेली नव्हती," प्रसाद म्हणाला. "तेव्हा तो कायदेशीर व्यापार होता."

"कायदेशीर केला होता, चीनवर दोन युद्धं लादून," शुभदा म्हणाली. "आणि मघाची मोजणी इथे लाव ना. चीनच्या कॅन्टन बंदरात अफूने मेलेल्या माणसापासून अंतर मोजत आलास, तर जवळचं गाव कुठलं निघेल? मुंबई निघेल. एकटा ससून नाही. जमशेटजी जीजीभॉयसुद्धा त्याच व्यापारातले. मुंबईचं जेजे आणि पुण्याचं ससून, दोन्ही त्या मोजणीत येतात."

"मग रुग्णालय पाडायचं का?"

"नाही. रुग्ण त्या पैशाचं काही देणं लागत नाही. पण नाव कोरलेल्या दगडावर हिशोबही कोरलेला असावा."

सॅमसन इतकंच म्हणाला, की आपण मुलांना ससूनची गोष्ट सांगताना अर्धीच सांगत आलो, शाळेत त्यानेही अर्धीच सांगितली, आणि शुभदाचं म्हणणं त्याला मान्य आहे. मलाही आहे.

पुढचा वाद सगळ्यांत अवघड होता. हे सगळं फक्त आपल्या माणसांपुरतं का? शुभदाने सरळ विचारलं. "सगळे इस्राएल एकमेकांना जामीन" असं तालमूद म्हणतं. जामीन एकमेकांना, मग बाकीच्यांचं काय?

सॅमसनने दोन्ही बाजू ठेवल्या. तुझ्या गावचा गरीब आधी, परगावचा नंतर, हा नियम आहे. ज्यू नसलेल्या गरिबांनाही ज्यू गरिबांच्या बरोबरीने द्या, त्यांच्या आजाऱ्यांना भेटा, त्यांच्या मृतांना मूठमाती द्या, हाही नियम आहे, आणि त्याचं कारण दिलंय: शांततेच्या वाटा राहाव्यात म्हणून.

"म्हणजे भांडण नको म्हणून. माणूस आहे म्हणून नाही," शुभदा म्हणाली.

"यावर आमच्यातच वाद आहे. कुणी म्हणतं ही सोय आहे. कुणी म्हणतं, शांतता हे तोराचं अंतिम ध्येय, तेव्हा यापेक्षा मोठं कारण असूच शकत नाही. आणि तुला न आवडणारी आणखी एक गोष्ट सांगतो. प्रेत सरहद्दीजवळ सापडलं, किंवा जिथे बहुसंख्य वस्ती परक्यांची आहे अशा गावाजवळ सापडलं, तर मिश्ना म्हणते, मोजायचं नाही."

"बघ! म्हणजे वेशीपलीकडचं प्रेत तुमचं नाही."

सॅमसन जरा थांबला आणि म्हणाला, वेशीच्या आत कोण हे ठरवताना काय होतं ते त्याच्या घराने सोसलंय. त्याची मावशी पन्नासच्या दशकात इस्रायलला गेली. तिथल्या मुख्य रब्बी मंडळाने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला फर्मान काढलं, की बेने इस्राएल माणूस इतर ज्यूंशी लग्न करणार असेल तर त्याच्या आईकडच्या पिढ्या मागे जाऊन तपासा. कोकणात शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवणारे, गावकऱ्यांनी ज्यांना शनिवार तेली नाव दिलं, ते ज्यू आहेत की नाहीत याची चौकशी! या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, मुलाबाळांसकट. 1964 साली क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, त्यांच्या बाजूने ठराव केला आणि रब्बी मंडळाला ते फर्मान बदलावं लागलं. त्याच्याही आधी, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला, बीरशेबात वर्णभेदाला कंटाळून काही बेने इस्राएल कुटुंबांनी आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून धरणं धरलं होतं, आणि काहींना परत पाठवलंही गेलं.

"एकमेकांना जामीन," बापू हळूच म्हणाले.

"आणि आमचं आम्ही काय केलं तेही ऐका," सॅमसनचा आवाज चढला होता. "आमच्यात गोरे आणि काळे होते. आई बाहेरची असली की पोरं काळ्यांत. रोटी नाही, बेटी नाही. बगदादी ज्यू मुंबईत आले आणि त्यांनी आम्हाला खालचं धरलं, दफनभूमीत वेगळी हद्द मागितली. त्यांनी जे आमच्याशी केलं तेच आम्ही आमच्यातल्यांशी करत होतो. ती भिंत कोकणातली होती, तोरातली नव्हे, पण मान तुकवली आम्हीच."

यावर कुणी लगेच बोललं नाही. सॅमसनबद्दल मला इतका आदर वाटला, कारण आपल्या समाजाची बाजू मांडायला बसलेला माणूस सहसा हे पान उलटत नाही.

शुभदाने मग न्यूयॉर्कची आग आणली, तिच्या पेशाच्या माणसाला ती ठाऊक असतेच. 25 मार्च 1911. ट्रायँगल शर्टवेस्ट हा कपडे शिवायचा कारखाना, इमारतीचे वरचे तीन मजले. 146 कामगार मेले, बहुतेक तरुण मुली, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू आणि इटालियन. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. मालक ब्लँक आणि हॅरिस वरच्या मजल्यावर होते, ते गच्चीवरून सुटले. तेही ज्यूच, तेही स्थलांतरित. त्याच वर्षाच्या अखेरीला ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं, कारण दाराला कुलूप आहे हे त्यांना त्या घटकेला ठाऊक होतं असं सिद्ध झालं नाही.

"आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही, आमच्या डोळ्यांनी ते पाहिलं नाही," प्रसाद म्हणाला. त्याला आता ते वाक्य कसं वापरायचं ते कळलं होतं.

शुभदा म्हणाली, या आगीआधी सोळा महिने, नोव्हेंबर 1909मध्ये, क्लारा लेम्लिख नावाची मुलगी कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या भरसभेत उठली आणि यिडिशमध्ये, पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, म्हणाली, मला बोलून बोलून कंटाळा आलाय, सार्वत्रिक संप करा. सगळ्या सभेने हात वर करून शपथ घेतली: घेतलेल्या कामाशी दगा केला तर हा वर केलेला हात गळून पडो. ही शपथ सिनेगॉगच्या बोलीतली, जेरुसलेमला विसरलो तर उजवा हात निकामी होवो, या स्तोत्रावर बेतलेली. वीस हजारांवर कामगार संपावर गेले. ट्रायँगलच्या मालकांनी युनियनला मान्यता दिली नाही. आग लागली ती तिथेच. "आपला माणूस, आपला समाज, या शब्दांनी मालक आणि कामगार एक होत नाहीत. त्या मुलींची शपथ जास्त ज्यू होती की मालकांची देणगी, हे तू सांग," ती सॅमसनला म्हणाली. सॅमसन म्हणाला, मुलींची.

आता गाझाचा विषय निघणारच होता, आणि तो बापूंनी काढला. 7 ऑक्टोबर 2023ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे 1,200 माणसं मारली, ओलीस नेली. त्यानंतर गाझात हजारोंनी, दहा-दहा हजारांनी माणसं मेली, लेकरं मेली, उपासमार झाली. "तुझ्या भाकरीच्या आणि सोबतीच्या मिश्नेचं काय झालं सॅमसन?"

मी सॅमसनकडे बघत होतो. तो म्हणाला, "माझी माणसं तिथे आहेत. हमासने केलं त्याला मी कधीही क्षमा करणार नाही. आणि उपाशी माणसाच्या प्रश्नाला मिश्नेत सूट नाही, तो कुठल्याही बाजूचा असो. हे म्हणणारे तिथे आहेत. 1988 साली निघालेली रब्बींचीच एक संघटना पॅलेस्टिनी शेतकऱ्यांबरोबर ऑलिव्हच्या तोडणीला जाते, तिथे येऊन वसलेल्या ज्यू वस्तीवाल्यांनी हल्ला करू नये म्हणून. सोबत द्यायला. पण ते थोडे आहेत."

मग त्याने जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. सप्टेंबर 1982मध्ये बैरुतच्या साब्रा आणि शातिला या निर्वासित छावण्यांत लेबनॉनी फलांजिस्टांनी, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती पक्षाच्या सशस्त्र टोळ्यांनी, शेकडो पॅलेस्टिनींची कत्तल केली. इस्रायली सैन्याने त्यांना आत जाऊ दिलं होतं, रात्री प्रकाशगोळेही उडवले होते. गोळ्या झाडल्या त्या फलांजिस्टांनी. तेल अवीवमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, आयोजकांच्या म्हणण्याप्रमाणे 4 लाखांचा. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष यित्झाक कहान प्रमुख. फेब्रुवारी 1983मध्ये अहवाल आला: प्रत्यक्ष जबाबदारी फलांजिस्टांची, अप्रत्यक्ष जबाबदारी इस्रायलची, आणि संरक्षणमंत्री एरियल शॅरन व्यक्तिशः जबाबदार. अप्रत्यक्ष जबाबदारी कशाच्या आधारावर? आयोगाने आधार दिला त्यात मान मोडलेल्या कालवडीचा अध्याय आहे. वडीलधारे खुनी असतील असं कुणाच्या मनात येईल का, हा मिश्नेतला प्रश्न आहे.

"मरणारे पॅलेस्टिनी होते," शुभदा सावकाश म्हणाली. "वेशीपलीकडचे. मिश्नेच्या नियमाने मोजायचंच नव्हतं."

"हो. तरी मोजलं."

"आणि शॅरनचं काय झालं?" बापूंनी विचारलं.

"संरक्षण खातं गेलं. बिनखात्याचा मंत्री म्हणून राहिला. 2001 साली पंतप्रधान झाला. अहवाल अमलात आणा म्हणून जेरुसलेममध्ये मोर्चा निघाला, त्यावर एका ज्यूनेच हातबॉम्ब टाकला. एमिल ग्रुन्झ्वाइग नावाचा शांततावादी कार्यकर्ता ठार झाला."

बापूंचं मत तिथे ठरलं. ज्या अहवालाने मंत्री घरी बसत नाही तो अहवाल वडीलधाऱ्यांनी हात धुण्यासाठीच लिहिलेला. प्रसादने, आमच्या सगळ्यांच्या आश्चर्याने, बापूंना विरोध केला. तो म्हणाला, गोळी दुसऱ्याने झाडली हे उत्तर तोवर चालत होतं, आणि त्यांच्याच सर्वोच्च न्यायाधीशाने ते बाद केलं. पुढच्या माणसाला तिथून सुरुवात करता येते.

मी प्रसादच्या बाजूचा आहे. बापूंना शिक्षा हवी आहे, ती हवीच. पण आपल्याकडे पूल पडतात, बॉयलर फुटतात, गटारात उतरलेली माणसं गुदमरून मरतात, आणि चौकशी ठेकेदारापाशी येऊन थांबते, कारण हात त्याचा होता. गावचे कारभारी कोण, अंतर कुणी मोजलं, हे आपला कुठला अहवाल विचारतो ते मला सॅमसनने विचारलं, आणि मला एकही नाव देता आलं नाही. शुभदा म्हणाली, तिच्याकडे गटारातल्या मृत्यूची एक केस चालू आहे, त्यात ठेकेदाराबरोबर काम सोपवणाऱ्या अधिकाऱ्यालाही आरोपी करा असा अर्ज ती पुढच्या तारखेला देणार आहे. बापूंनी तारीख लिहून घेतली. सॅमसन म्हणाला, मीही येतो.